ब्रेल यांचे मास्तर

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळाशाळांतून साजरी होते. भाषणे होतात, फेऱ्या निघतात, छोट्या मुली नऊवारी नेसून येतात. दुसऱ्या दिवशी परिपाठात दिनविशेष वाचणारा विद्यार्थी एका ओळीत ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल यांचा जन्मदिन सांगतो आणि सुविचाराकडे वळतो. त्या ओळीमागची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती एवढीच, की लहानपणी डोळे गेलेल्या एका मुलाने पंधराव्या वर्षी सहा टिंबांची लिपी शोधली आणि अंधांना वाचता येऊ लागले.

यातला शेवटचा भाग तितकासा खरा नाही. लिपीचा आराखडा १८२४ साली तयार होता. फ्रान्सने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, म्हणजे ब्रेल गेल्यावर दोन वर्षांनी. मधली तीस वर्षे लिपीत काही उणे होते म्हणून वाया गेली असे म्हणायला आधार नाही. बराच काळ गेला तो डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती म्हणून, आणि काहींना ती शिकायचीही नव्हती म्हणून. ब्रेल यांच्या चरित्रातला हा भाग सहसा गाळला जातो. खरे तर आज त्याचाच उपयोग अधिक आहे.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवरच्या कूव्रे या गावात झाला. वडील सिमों-रने घोड्यांची खोगिरे, लगाम, पट्टे बनवीत. चार भावंडांत लुई धाकटा. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, तो वडिलांच्या कारखान्यात हत्याराशी खेळत बसला होता. हत्यार चामड्यावरून निसटले आणि एका डोळ्यात घुसले. ते हत्यार आरी होते असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते, काही ठिकाणी वाकडा चाकू म्हटले आहे. गावात जे उपचार होते ते झाले. जखमी डोळा गेला, आणि त्यानंतर ज्याला काहीच लागले नव्हते तो दुसरा डोळाही विझत गेला. पाचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण अंध झाला होता.

न लागलेला डोळा का जावा? त्या काळी एका डोळ्यातला दोष दुसऱ्यात उतरला एवढेच म्हणत. जंतुसंसर्ग हे एक कारण असू शकते. दुसरे, अधिक संभवनीय कारण म्हणजे सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया हा आजार. डोळ्याच्या आतल्या रंगद्रव्ययुक्त पडद्याची शरीराच्या प्रतिकारशक्तीला एरवी ओळखच झालेली नसते. डोळा फुटला की तो पडदा उघडा पडतो, प्रतिकारशक्ती त्याला परका समजते, आणि तोच पडदा दुसऱ्या, धडधाकट डोळ्यातही असल्याने तिथेही हल्ला चढवते. हे जखमेनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होते. आता फुटलेला डोळा लवकर शिवला जातो आणि दाह झालाच तर स्टिरॉइड व प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे असतात, त्यामुळे हा आजार क्वचित दिसतो. जखमा मात्र कमी झालेल्या नाहीत. येवल्याच्या संक्रांतीतला मांजा, विटीदांडूतली विटी, दिवाळीतले फटाके आणि वर्षभर कंपासपेटीतले कर्कटक, यांतले काहीही लुईच्या वडिलांच्या हत्याराचे काम करू शकते. अशा वेळी डोळा चोळू नये, धुऊ नये, रुतलेली वस्तू ओढू नये, घरातले थेंब घालू नयेत. डोळ्यावर दाब पडणार नाही असे कडक आवरण, अगदी कागदी पेल्याचा तळ का होईना, बांधावे आणि थेट नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. चुना किंवा अॅसिड उडाले असेल तर नियम उलटा: आधी भरपूर पाण्याने धुवायचे, मग निघायचे.

लुईच्या आईवडिलांनी मुलाला घरात बसवून ठेवले नाही. त्या काळच्या आंधळ्या मुलापुढे भीक मागणे हा एक सरळ रस्ता होता. सिमों-रने यांनी लाकडात खिळे ठोकून अक्षरे तयार केली आणि मुलाकडून ती चाचपून घेतली, असे सांगतात. गावात नवे आलेले धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला घेतले. त्यांनी गावच्या शाळेचे मास्तर बेशरे यांच्याकडे शब्द टाकला आणि बेशरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवले. आज ज्याला आपण समावेशक शिक्षण म्हणतो ते १८१६च्या सुमारास त्या खेड्यात एका मास्तराने कोणताही शासननिर्णय नसताना सुरू केले. लुई ऐकून शिकत होता आणि वर्गात पुढे होता. पण वाचन-लेखनाचा तास आला की त्याच्यासाठी काही नव्हते. मास्तर चांगला होता, साधन नव्हते.

गावच्या जमीनदाराच्या मध्यस्थीने त्याला पॅरिसच्या राजेशाही अंध संस्थेत जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, दहा वर्षांचा असताना, तो तिथे दाखल झाला. ही संस्था व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८५च्या सुमारास सुरू केली होती. अंधांना वाचायला शिकवता येते हे दाखवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हाउई एक. ओला जाड कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून ते नेहमीचीच रोमन अक्षरे उठावात छापत. मूल प्रत्येक अक्षराची कड बोटाने चाचपडत जाई. एक अक्षर कळेपर्यंत आधीचे विसरावे इतकी ही रीत संथ होती. पुस्तके अवजड, महाग आणि बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय या पद्धतीने लिहिता जवळजवळ येतच नव्हते.

तरी शिक्षकांना ही पद्धत पसंत होती, आणि कारण उघड आहे. उठावाचे अक्षर डोळस माणसाला डोळ्यांनी वाचता येते. पान समोर धरले की मुलगा बरोबर वाचतोय की चूक हे मास्तरला लगेच कळते. भेटीला आलेल्या देणगीदारालाही कळते. साधन मुलासाठी होते, मापे मात्र शिक्षकाची घेतली होती. हा मोह अजून सुटलेला नाही. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातही नोटा छापल्या जातात. शंभराच्या आणि त्याहून मोठ्या नोटांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा असतात: शंभरावर त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेघा. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. भाजीबाजारात हजार हात फिरलेल्या नोटेवर त्या फक्त डोळ्यांना दिसतात. नोट कोणती हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बोलून सांगणारे मणी नावाचे अॅप रिझर्व्ह बँकेने २०२० साली आणले.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाचे निवृत्त तोफखाना अधिकारी संस्थेत आपली टिंबांची पद्धत दाखवायला आले. त्यांनी फ्रेंच भाषेतले ३६ ध्वनी सहा गुणिले सहाच्या चौकटीत मांडले होते. डाव्या रांगेतली टिंबे चौकटीची ओळ सांगत, उजव्या रांगेतली रकाना. अशा प्रत्येक ध्वनीला जास्तीत जास्त बारा टिंबे लागत. तिच्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे, आकडे यांपैकी काही नव्हते. पण पाटीवर टोचणीने टिंबे उठवून लिहिता येत होते, आणि मुलांच्या बोटांना टिंब रेषेपेक्षा पटकन कळत होते. बारा वर्षांच्या लुईने उणिवा दाखवल्या. वयाने मोठ्या, स्वतःच्या शोधाबद्दल खात्री असलेल्या बार्बिये यांना एका पोराने सुधारणा सुचवणे फारसे रुचले नाही. पुढे दोघांमध्ये आदराचे नाते राहिले आणि ब्रेल यांनी आपल्या पुस्तकात बार्बिये यांचे ऋण मोकळेपणाने नोंदवले.

पुढची तीन वर्षे लुईने रात्री आणि सुट्टीत कूव्रेला गेल्यावर कागद टोचण्यात घालवली. त्याने दोन गोष्टी बदलल्या. ध्वनीऐवजी अक्षर घेतले, म्हणजे शुद्धलेखन शक्य झाले. आणि बाराची सहा टिंबे केली. हा दुसरा बदल शरीरशास्त्राच्या दृष्टीने फार नेमका आहे. बोटाच्या टोकाला दोन मिलिमीटरच्या आसपास अंतरावरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. ब्रेलच्या टिंबांमधले अंतर आज सुमारे अडीच मिलिमीटर असते, आणि तीन टिंबांची उंची बोटाच्या गादीखाली एकदम मावते. बारा टिंबांसाठी बोट वरखाली फिरवावे लागे. सहा टिंबे एका स्पर्शात कळतात आणि बोट फक्त आडवे सरकत राहते. सहा टिंबांतून ६३ आकृत्या होतात. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि संगीताची लिपी यांना त्या पुरतात. तेव्हा मेंदूबद्दल कोणाला माहिती नव्हती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणांतून दिसले, की लहानपणी अंध झालेली माणसे ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी दृष्टीचे काम करणारा भाग कामाला लागतो. जन्मापासून अंध असलेल्या एका स्त्रीच्या त्याच भागाला पक्षाघाताने इजा झाली, तेव्हा तिच्या बोटांची संवेदना शाबूत राहिली पण ब्रेल वाचणे गेले.

१८२९ साली ब्रेल यांचे छोटे पुस्तक संस्थेने छापले. ते छापले कशात? उठावाच्या रोमन अक्षरांत. शिक्षकांना वाचता यावे म्हणून दुसरा मार्गच नव्हता.

या काळात संस्थेचे प्रमुख होते डॉ. पिन्ये, पेशाने वैद्य. आधीचे प्रमुख गिये हेही नेत्रवैद्यच, पण करड्या शिस्तीचे. पिन्ये यांनी मुलांना टिंबे वापरू दिली. ब्रेल याच संस्थेत आधी शिकवणी मास्तर आणि १८३३ पासून पूर्ण शिक्षक झाले. व्याकरण, भूगोल, अंकगणित, इतिहास आणि पियानो ते शिकवीत. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. गोतिये आणि कोल्ता हे त्यांचे अंध सहशिक्षक मित्र. या अंध शिक्षकांच्या वर्गात टिंबे रोजची झाली. मुलांना पहिल्यांदा टिपणे काढता आली, एकमेकांना चिठ्ठ्या लिहिता आल्या. १८३७ साली फ्रान्सच्या इतिहासाचे तीन खंड टिंबांत छापले गेले. संस्थेची अधिकृत पद्धत मात्र अजून उठावाचीच अक्षरे होती.

१८४० साली पिन्ये यांना जावे लागले आणि त्यांच्या हाताखालचे द्युफो प्रमुख झाले. त्यांनी स्कॉटलंडच्या धर्तीची, सोपी केलेली उठावाची रोमन अक्षरे आणली आणि टिंबांवर बंदी घातली. जुनी पुस्तके जाळण्यात आली. मुलांकडच्या टोचण्या आणि पाट्या काढून घेतल्या गेल्या.

द्युफो यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि पुस्तके जाळण्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्यांच्या मनात जे होते ते आजच्याही अनेक शिक्षकांच्या मनात असते. अंध मुलांची लिपी वेगळी केली तर ती डोळस जगापासून तुटतील, ही भीती अगदीच निराधार नव्हती. दुसरी भीती न बोलली जाणारी होती. मुलगा जे वाचतोय ते आपल्याला वाचता येत नसेल, तर वर्गात शहाणा कोण? अंध विद्यार्थी अंध शिक्षकाकडून अंधांच्या लिपीत शिकू लागला तर डोळस शिक्षकाची गरज काय? नवे साधन वर्गात आले की शिक्षक आधी स्वतःचे अज्ञान लपवतो आणि मग साधनात खोट काढतो. ते मानवी आहे, पण त्याची किंमत मूल मोजते.

पहिल्या भीतीला ब्रेल यांनी बंदीच्या आधीच उत्तर देऊन ठेवले होते. १८३९ साली त्यांनी आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात टिंबांच्या ठरावीक चौकटीतून डोळसांना ओळखीची रोमन अक्षरेच उमटत. म्हणजे अंध मुलगा गावी आईला पत्र लिहू शकत होता आणि आई ते वाचू शकत होती. जुन्या छपाईयंत्रातून बाहेर पडणाऱ्या, बारीक ठिपक्यांच्या अक्षरांचे रेल्वे तिकीट आठवा, कल्पना तीच. हे काम हाताने किचकट होते म्हणून फुको या अंध कारागिराने त्यासाठी यंत्र बनवले. डोळस शिक्षक टिंबे शिकायला तयार नव्हते, तेव्हा अंध शिक्षकाने डोळसांपर्यंत पोहोचण्याची सोय केली. दोन्ही बाजूंचे काम एकाच बाजूने केले.

मुलांनी बंदी पाळली नाही. रात्री झोपण्याच्या दालनात, विणकामाच्या सुया आणि हाताला लागेल ते टोकदार घेऊन ती टिंबे लिहीत राहिली, शिक्षा भोगत राहिली, असे सांगतात. अंधारात वाचायला त्यांना दिवा लागत नव्हता, म्हणून पकडणेही अवघड. हे पाहणारा एक डोळस शिक्षक होता, द्युफो यांचा सहायक जोसेफ ग्वादे. ग्वादे यांचे वेगळेपण एवढेच की आपल्या पद्धतीत मुले अडखळतात आणि बंदी असलेल्या पद्धतीत ती झरझर वाचतात, हे पाहिल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. त्यांनी वरिष्ठांचे मन वळवायला घेतले. वर्ष-दोन वर्षे लागली असावीत. संस्थेचा कारभार एका आदेशाने बिघडला होता, तो सुधारला एका सहकाऱ्याच्या चिकाटीने.

१८४३ साली संस्था जुन्या, दमट इमारतीतून नव्या वास्तूत आली आणि २२ फेब्रुवारी १८४४ रोजी उद्घाटनाचा सोहळा झाला. त्यात ग्वादे यांनी लिहिलेली टिंबलिपीची हकीकत मांडली गेली आणि प्रात्यक्षिक झाले. एका मुलाला बाहेर पाठवले, आत दुसऱ्याला मजकूर सांगून टिंबांत लिहून घेतला, मग बाहेरच्याला बोलावून तो वाचायला दिला. त्याने तो जसाच्या तसा वाचला. ही पाठ केलेली करामत नाही अशी सभेची खात्री होणे गरजेचे होते आणि ती झाली. ब्रेल सभेत हजर होते. द्युफो यांनीही विरोध सोडला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. आपली चूक संस्थेच्या व्यासपीठावर दुरुस्त होऊ देणारे प्रमुख फार नसतात. ग्वादे यांनी पुढे १८५५ साली अंधांच्या शिक्षकांसाठी खास नियतकालिक सुरू केले.

तोवर ब्रेल यांचे शरीर खंगत चालले होते. १८३५च्या सुमारास, विशीतच, त्यांना क्षयाची लक्षणे दिसू लागली होती. संस्थेची जुनी वास्तू कोंदट, ओलसर, आणि झोपण्याची दालने गर्दीची. क्षयाला याहून सोयीची जागा नाही. क्षयाचा जंतू कॉख यांनी दाखवला १८८२ साली, स्ट्रेप्टोमायसिन आले १९४०च्या दशकात. ब्रेल यांच्या वैद्यांकडे विश्रांती आणि गावची हवा एवढेच औषध होते. १८४४ साली त्यांना शिकवणे थांबवून कूव्रेला जावे लागले. १८४७ साली थोडे बरे वाटल्यावर ते परतले आणि पुन्हा काही तास घेऊ लागले. डिसेंबर १८५१ मध्ये खोकल्यातून मोठा रक्तस्राव झाला. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, ते गेले. साध्या पगारात त्यांनी गरीब विद्यार्थ्यांना पैसे उसने दिले होते. त्या उसनवारीच्या चिठ्ठ्यांची पेटी न उघडता जाळावी असे त्यांनी सांगून ठेवले होते, अशी आठवण मित्रांनी नोंदवली आहे.

१८५४ साली फ्रान्सने लिपी स्वीकारली, १८७८ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत मात्र पुढे कित्येक दशके टिंबांच्या तीन लिप्यांची भांडणे चालली. शाळेगणिक पद्धत वेगळी आणि प्रत्येक शाळेच्या प्रमुखाचा आपल्याच पद्धतीबद्दल हट्ट. हेलन केलर यांच्यासारख्या वाचनवेड्या मुलीला एकाच भाषेसाठी अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. इंग्रजी ब्रेलचे एकमत व्हायला १९३२ साल उजाडले.

आपल्याकडेही हेच झाले. मुंबईत १९००च्या सुमारास दुष्काळाच्या काळात अॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. तिच्यासारख्या शाळांतून शिक्षण सुरू झाले तेव्हा भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या केल्या. सर्व भारतीय भाषांना एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली. आंतरराष्ट्रीय ब्रेलशी जुळेल तिथे तेच चिन्ह घेतले, त्यामुळे मराठीचा क आणि इंग्रजीचा के बोटाला सारखाच लागतो. ळ ला स्वतःचे चिन्ह आहे. मात्रा अक्षराच्या वरखाली किंवा मागे न बसता सरळ पुढे येतात. छापील मराठीत शि लिहिताना वेलांटी श च्या आधी पडते; ब्रेलमध्ये आधी श, मग इ, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. नाशिक हा शब्द पाच चौकटींत बसतो: न, आ, श, इ, क. जोडाक्षर असेल तर त्याआधी एक टिंब देऊन सूचना द्यायची. डोळस शिक्षकाला हे बोटाने वाचावेही लागत नाही, तो टिंबे डोळ्यांनी वाचू शकतो.

१९५२ साली, ब्रेल यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, मुंबईत राष्ट्रीय अंध कल्याण संघ म्हणजे नॅब स्थापन झाली. तिच्या महाराष्ट्र शाखेचे केंद्र आज सातपूरला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमणे, त्यांत दिव्यांग शिक्षकही असणे, ही शासनाची जबाबदारी ठरवली. सर्वसाधारण शाळेने अंध मुलाला दारातून परत पाठवू नये असेही तोच कायदा सांगतो. म्हणजे बेशरे मास्तरांचे काम आता प्रत्येक शाळेचे काम आहे.

साधने बदलली आहेत. मोबाइल आणि संगणक मजकूर वाचून दाखवतात, मराठीही. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केले आणि ते फुकट मिळते. त्यामुळे आता ब्रेल कशाला, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकांतून निघतो. त्याचे उत्तर मराठीच्या तासाला मिळते. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला दिन आणि दीन यांतला फरक माहीत नसतो, कारण त्याने तो कधी वाचलेलाच नसतो. अपूर्णांक आणि कंस कानाने धरून ठेवता येत नाहीत. त्यासाठी बोटाखाली पान लागते, किंवा टेलर फ्रेमसारखी गणिताची पाटी. याउलट शंभर पानांचा इतिहास ऐकून लवकर होतो. दोन्ही हवे, आणि कुठे काय हे शिक्षकाला ठरवता यायला हवे. त्यासाठी त्याने दोन्ही हाताळलेले असायला हवे. वर्गात मोबाइल म्हणजे जप्त करण्याची वस्तू, एवढेच ठाऊक असलेल्या शिक्षकाला हे अवघड जाते.

ब्रेल पाटीवर लिहिणे डोळस माणसाला सुरुवातीला फार उलटे वाटते. टिंबे कागदाच्या मागच्या बाजूने टोचायची असल्याने उजवीकडून डावीकडे लिहावे लागते आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे फिरवून घ्यावे लागते. हाताशी असलेली टोचणी लाकडी मुठीची असते, चांभाराच्या आरीसारखी. शिकाऊ शिक्षक ओळ संपवून कागद काढतो, उलटवतो आणि विद्यार्थ्याकडे देतो. विद्यार्थी त्यावरून बोट फिरवतो आणि तिसऱ्या चौकटीत एक टिंब जास्त पडल्याचे सांगतो.